‘राइव्ह’ : एका विरळ क्रियापदाचा अर्थविचार

शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, परंतु त्याचे वजन कोशात सापडत नाही. ही गोष्ट तत्त्वतः सर्वांनाच मान्य असते. प्रत्यक्ष अनुवादाच्या वेळी मात्र तिचा विसर पडतो. इंग्रजीतील ‘राइव्ह’ हे क्रियापद या विसराचे चांगले उदाहरण आहे. हा शब्द आजच्या इंग्रजीत विरळ झाला आहे. त्याचे ‘रिव्हन’ हे भूतकालवाचक धातुसाधित तेवढे वृत्तपत्रांतून आणि ललित गद्यातून अधूनमधून भेटते. मूळ क्रियापद बव्हंशी जुन्या नाटकांत, काव्यांत आणि काही कारागिरांच्या बोलण्यात उरले आहे. कोश उघडला तर ‘फाडणे, चिरणे, भेदणे, विदीर्ण करणे’ असे चार प्रतिशब्द हाती येतात. अनुवादक त्यांतला कानाला भारदस्त वाटणारा एक उचलतो आणि पुढे जातो. अर्थ आला असे त्यालाही वाटते आणि वाचकालाही. वस्तुतः त्या चारांपैकी प्रत्येक शब्द वेगळ्या क्रियेचा वाचक आहे, आणि ‘राइव्ह’ची क्रिया त्यांतल्या एकातही पूर्ण सामावत नाही.

प्रथम या शब्दाचे कुळ पाहू. ‘राइव्ह’ हा शब्द मूळ अँग्लो-सॅक्सन नव्हे. तो प्राचीन नॉर्स भाषेतील ‘रीफा’ या धातूवरून मध्ययुगीन इंग्रजीत आला. भेग किंवा दरी या अर्थाचा ‘रिफ्ट’ हा शब्दही त्याच स्कँडिनेव्हियन घराण्यातला. इंग्रजीत दुभंगण्याच्या क्रियेला शब्दांची वाण कधीच नव्हती. ‘क्लीव्ह’, ‘रेंड’ आणि ‘संडर’ हे शब्द घरचेच होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच भाषेतून ‘स्प्लिट’ हा शब्द आला. आरंभी तो खडकावर आपटून फुटणाऱ्या जहाजांच्या संदर्भात योजला जाई. पुढे त्याने इतका प्रदेश व्यापला की जुनी क्रियापदे कडेला सरली. त्यांपैकी ‘क्लीव्ह’ला आणखी एक अडचण होती. दुभंगणे आणि चिकटून राहणे या दोन परस्परविरुद्ध अर्थांचे दोन वेगळे जुने धातू उच्चारसाम्यामुळे एकाच रूपात येऊन मिळाले होते. ‘राइव्ह’ला अशी संदिग्धता नव्हती. तो मागे पडला तो संदिग्धतेमुळे नव्हे. ज्या कामाचे ते नाव होते, ते काम करवतीने आणि यंत्राने हाती घेतले म्हणून.

ते काम कोणते हे समजल्याशिवाय या क्रियापदाचा अर्थ लागत नाही. ओकसारख्या झाडाचा ओंडका करवतीने कापला, तर करवतीचे दाते लाकडाचे तंतू जिथे आडवे येतील तिथे तोडत जातात. तोच ओंडका ‘राइव्ह’ करायचा तर दांड्याशी काटकोनात बसवलेले एक बोथट पाते त्याच्या टोकावर ठेवून त्यावर लाकडी मोगरीचा घाव घालतात, आणि पाते आत रुतले की दांडा पिळून लाकूड उकलतात. अशा वेळी भेग हत्याराच्या इच्छेने जात नाही. ती तंतूंच्या दिशेने धावते. तंतू तुटत नाहीत, एकमेकांपासून सुटतात. म्हणूनच अशी फळी कापलेल्या फळीपेक्षा चिवट असते आणि तिच्यात पाणी सहसा मुरत नाही. छपरावरच्या लाकडी पट्ट्या, पिंपाच्या फळ्या, शिडीच्या पायऱ्या आणि चाकांचे आरे याच रीतीने घडवले जात. दगडाच्या व्यापारात ‘रिव्हन’ हे विशेषण अद्याप जिवंत आहे. थरांवरून उकललेल्या, घासून गुळगुळीत न केलेल्या फरशीला ते लावतात; राजस्थानातला वालुकाश्म इंग्लंडच्या बाजारात याच विशेषणाने विकला जातो. मराठी वाचकाला दूरचा दाखला नको असेल तर त्याने जुन्या वाड्यातली शहाबादी फरशी आठवावी. कलबुर्गी जिल्ह्यातील त्या चुनखडकाच्या लाद्या थरांवरूनच सुटतात, आणि त्यांच्या नैसर्गिक पाठीवरचा खडबडीतपणा हीच ‘रिव्हन’ या शब्दाची खरी व्याख्या आहे.

या क्रियापदात, थोडक्यात, तीन गोष्टी आहेत. पहिली, भेग वस्तूच्या स्वतःच्या रचनेला अनुसरून जाते. दुसरी, ती टोकापासून टोकापर्यंत उभी जाते. तिसरी, तिला धारेपेक्षा जोर आणि पाचर लागते. कापण्यात हत्याराचे कर्तृत्व असते. ‘राइव्ह’मध्ये वस्तूच्या अंतरंगातला दुबळेपणा हत्याराला सामील होतो.

हे ध्यानात घेऊन शेक्सपिअरकडे वळले की त्याचे चार-पाच प्रयोग एकदम उजळतात. ‘ज्यूलियस सीझर’च्या पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात कास्का वादळी रात्रीचे वर्णन करताना गाठाळ ओक वृक्षांना वाऱ्यांनी दुभंगल्याचे सांगतो. सरळ तंतूंचा ओक हे या क्रियेचे आवडते लाकूड. पण गाठ आली की पाचर अडते, हे प्रत्येक सुताराला ठाऊक असते. म्हणजे जे माणसाच्या पाचरीने साधत नाही, ते त्या वाऱ्याने केले. विशेषण आणि क्रियापद यांच्यातला हा झगडाच त्या वर्णनाचा प्राण आहे. ‘ट्रॉइलस अँड क्रेसिडा’मध्ये युलिसिस हीच सुतारकामातली गोष्ट उलट बाजूने मांडतो : बोथट पाचरीही कठीण गाठी फोडतात. त्याच नाटकाच्या आरंभी ट्रॉइलसचे हृदय उसाशाची पाचर बसल्यासारखे दुभंगू पाहते. ‘किंग लिअर’च्या तिसऱ्या अंकात वादळात उभा असलेला राजा दडवलेल्या पातकांना आवाहन करतो की आपल्याला झाकणारी कवचे तुम्हीच फोडा. येथे घाव बाहेरून नाही. भेग आतून बाहेर येते.

परंतु सर्वांत मार्मिक प्रयोग पुन्हा ‘ज्यूलियस सीझर’मधलाच आहे. चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात दोघा मित्रांचे भांडण जुंपते आणि कॅशियस म्हणतो की ब्रूटसने आपले हृदय दुभंगले. क्रियापद तेच, वादळातल्या ओकांचे. पहिल्या अंकात निसर्गाने वृक्षांचे जे केले, ते चौथ्या अंकात मित्राने मित्राचे केले, आणि तेही तंतूंच्या दिशेने, म्हणजे जिथे जवळीक होती तिथूनच. आता अनुवादकाची परीक्षा सुरू होते. मराठीत वादळात झाडे ‘उन्मळून पडतात’. ही आपली सहज बोली आहे. हृदय मात्र ‘विदीर्ण होते’. ही आपली सहज ग्रंथभाषा आहे. दोन्ही ठिकाणी अनुवादक आपापल्या जागी निर्दोष मराठी लिहितो आणि नाटककाराने बांधलेला पूल नकळत पाडतो. शिवाय उन्मळणारे झाड मुळासकट अखंड पडते. ते दुभंगत नाही. अर्थाची चूक येथे एका शब्दाची नसते, एका नात्याची असते.

मराठीजवळ या कामासाठी शब्द नाहीत असे मुळीच नाही. उलट, मराठीची व्यवस्था इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे, आणि अडचण तिथेच उद्भवते. फाटणे-फाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्यांत मराठी आपोआप घडणारी क्रिया आणि कोणी केलेली क्रिया रूपानेच वेगळी करते. या जोड्या संस्कृतातील स्फट्, स्फुट्, त्रुट् या धातूंपासून आणि त्यांच्या प्रयोजकांपासून उतरल्या आहेत. इंग्रजी ‘राइव्ह’ दोन्हीकडे तसाच चालतो : वारा ओकाला ‘राइव्ह’ करतो आणि हृदय आपणहून ‘राइव्ह’ होते. मराठी अनुवादकाला प्रत्येक वेळी कर्ता कोण याचा निवाडा करावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की मराठी क्रियापद वस्तू आणि हत्यार पाहून बदलते. कापड फाडतात, मडके फोडतात, दोरा तोडतात. लाकूड करवतीने चिरतात पण कुऱ्हाडीने फोडतात. बुरूड बांबू फोडून त्याच्या कामट्या काढतो. पाथरवट दगडात ओळीने छिद्रे पाडून पाचरी ठोकतो आणि दगड त्या रेषेत उकलतो. तेव्हा लाकडाच्या बाबतीत ‘राइव्ह’चा खरा प्रतिशब्द ‘चिरणे’ नसून ‘फोडणे’ हा आहे. कोशाने दिलेला पर्याय येथे अगदी उलट्या क्रियेचा ठरतो. ‘काळीज फोडणे’ मात्र मराठी बोलत नाही. काळीज ‘फाटते’, जसे आभाळही ‘फाटते’.

या क्रियेचे भारतीय वाङ्मयातले सर्वांत जुने परिचित चित्र ‘पंचतंत्रा’त आहे. ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रातली पहिलीच कथा खुंटी उपटणाऱ्या वानराची. सुताराने ओंडका अर्धा फोडून मध्ये खैराची पाचर ठेवली आहे. वानर ती उपटते आणि प्राणाला मुकते. मुळात त्या ओंडक्याला ‘अर्धस्फाटित’ असे विशेषण आहे, म्हणजे आपल्या ‘फाडणे’चेच पूर्वज. दोन मित्रांमध्ये भेग कशी पाडली जाते हे सांगणाऱ्या तंत्राच्या दाराशी पाचर मारलेला ओंडका ठेवण्यात कथाकाराचे जे औचित्य आहे, तेच ब्रूटस आणि कॅशियस यांच्या प्रवेशातल्या त्या एका क्रियापदात आहे. ‘भेद’ हा शब्द लाकडाला आणि मैत्रीला सारखाच लागू पडत होता. आज मराठीत तो मतभेदापुरता निःसत्त्व होऊन राहिला आहे.

ही समस्या एकट्या मराठीची नव्हे, हे शेजारच्या भाषेकडे पाहिले की स्पष्ट होते. बंगळूरच्या बसवनगुडीत दीर्घकाळ वास्तव्य केलेले डी. व्ही. गुंडप्पा (१८८७–१९७५) यांनी शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ कन्नडमध्ये आणले. गुंडप्पांचे मराठी भाषकांशी एक वेगळेही नाते आहे : गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाची सार्वजनिक व्यवहारांच्या अभ्यासाची संस्था त्यांनी १९४५ साली स्थापन केली आणि ती बसवनगुडीतच वाढली. ‘मॅकबेथ’ मराठीतही एकाहून अधिक वेळा आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम महादेव परांजपे यांनी ते ‘मानाजीराव’ या नावाने आणले आणि १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या नावाने. या नाटकाच्या कन्नड वा मराठी अनुवादकाला पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशातच ‘राइव्ह’चा एक दुर्मिळ भाऊबंद आडवा येतो : ‘अन्‌सीम’. जखमी सैनिक सांगतो की मॅकबेथने बंडखोर मॅक्डॉनवॉल्डला बेंबीपासून जबड्यापर्यंत ‘अन्‌सीम’ केले. शब्दशः अर्थ, शिवण उसवली. मराठीला येथे आयता शब्द आहे, ‘उसवणे’. कन्नडातही होलिगे म्हणजे शिवण ‘बिच्चु’ म्हणजे सोडणे ही जोडी तयार आहे. तरीही अनुवादकाचा हात ‘उभा चिरला’कडे सहज वळतो, कारण रणांगणावर शिंप्याचा शब्द त्याला हलका वाटतो. पण भयानकता त्या हलकेपणातच आहे. माणसाचा देह हे शिवलेले कापड आहे आणि हा वीर ते सहजपणे उसवतो, एवढे सांगताच पुढच्या सर्व रक्तपाताची सूचना मिळून जाते.

कन्नडात दुभंगण्याचे तीन देशी धातू विशेष वापरातले आहेत : ‘सीळु’, ‘ओडे’ आणि ‘बिरि’. ‘सीळु’ म्हणजे उभे फाडणे किंवा फोडणे. जन्मतः दुभंगलेल्या ओठाला आणि सावज फाडणाऱ्या रानकुत्र्यालाही कन्नड याच धातूने ओळखते. ‘ओडे’ म्हणजे फोडणे आणि फुटणे दोन्ही. नारळ आणि मडके यांचे हे क्रियापद. ‘बिरि’ म्हणजे तडकणे, उलणे. पण कळी उमलते तीही ‘बिरि’च. ‘ओडे’ इंग्रजी ‘राइव्ह’प्रमाणे सकर्मक-अकर्मक दोन्ही असल्यामुळे कन्नड अनुवादकाची कर्त्याच्या निवाड्यातून काही अंशी सुटका होते. लिअरच्या त्या आतून फुटणाऱ्या पातकांसाठी ‘बिरि’ किती अन्वर्थक ठरेल! मराठीत हे काम ‘फुटणे’ करते, कारण पालवीही फुटते आणि घडाही फुटतो. १९७४ साली विंदा करंदीकरांनी ज्याला ‘राजा लिअर’ म्हणून मराठीत आणले, त्या नाटकाच्या वादळाला अशा दुहेरी शब्दांची नितांत गरज असते.

बसवनगुडी या नावातच वृषभाचे देऊळ आहे. तेथला नंदी एकाच अखंड पाषाणात घडवलेला, आणि त्याच्या दाराशी कार्तिकाच्या अखेरच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. रस्त्यांच्या दुतर्फा शेंगांचे ढीग लागतात. शेंग फोडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. तिला सुरी लावत नाहीत. अंगठ्याने टोक दाबले की ती आपल्या अंगच्या रेषेवरून उकलते. वनस्पतिशास्त्रातही त्या रेषेचे नाव शिवणीवरूनच पडले आहे. अखंड पाषाण पाथरवटाच्या पाचरीची वाट पाहतो, शेंग अंगठ्याची. पण दोन्हीकडे नियम एकच. वस्तू जिथून उकलायची ती जागा तिच्यातच असते. ‘राइव्ह’ आणि ‘अन्‌सीम’ या दोन्ही क्रियापदांचा मर्मार्थ सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

संस्कृतात या सूक्ष्म भेदाची जाण किती प्रखर होती हे पाहायचे असेल तर भवभूतीकडे जावे. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात सीतावियोगाने पोळलेला राम आपल्या हृदयाबद्दल दोन वेगळे धातू योजतो : दल् आणि भिद्. हृदय ‘दल्’ होते, पण त्याचे ‘भिद्’ होऊन दोन तुकडे मात्र होत नाहीत. भेग पडते, विभाग पडत नाही. म्हणून वेदना संपत नाही. हे ‘पंचतंत्रा’तल्या अर्ध्या फोडलेल्या ओंडक्याचेच चित्र : पाचर आत आहे आणि लाकूड अजून एक आहे. दोन्ही धातूंना ‘विदीर्ण होणे’ हा एकच मराठी प्रतिशब्द दिला तर ते वचन निरर्थकच होईल.

याच ‘दल्’ धातूपासून मराठीच्या नित्य व्यवहारात तीन शब्द आले आहेत. ‘डाळ’ म्हणजे दोन दळांत फुटलेले धान्य. ‘दळणे’ म्हणजे जात्यात भरडून पीठ करणे. तिसरा शब्द ‘दलित’. मुंबईत १९७२ साली ‘दलित पँथर’ची स्थापना झाली आणि या शब्दाला जी धार आली, ती सर्वांना परिचित आहे. त्यापूर्वी १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात आपल्या टोळीपासून फुटून विखुरलेल्या माणसांचा सिद्धांत मांडला होता आणि त्यांना ‘ब्रोकन मेन’ असे नाव दिले होते. आज इंग्रजीत ‘दलित’चा अर्थ देताना ‘ब्रोकन’ किंवा ‘क्रश्ड’ यांपैकी एक शब्द निवडला जातो. पहिल्यात फुटणे येते, दळले जाणे येत नाही. दुसऱ्यात जाते येते, पण मूळ भेग हरवते. मराठी कानाला मात्र एकाच शब्दात दोन्ही ऐकू येतात, कारण घरातले जाते आणि घरातली डाळ त्या शब्दाच्या शेजारी आहेत. दुभंगण्याच्या क्रियापदांचा विचार ही निव्वळ भाषाशास्त्रीय हौस नाही. माणसे स्वतःला कोणत्या नावाने ओळखतात, इथपर्यंत तो जाऊन भिडतो.

मग ‘राइव्ह’चे मराठीत काय करावे? एक प्रतिशब्द ठरवून सर्वत्र बसवणे हा मार्ग खुंटतो, हे वरील विवेचनावरून उघड आहे. तथापि मराठीने या क्रियेचे मर्म एका छोट्या विशेषणात जपून ठेवले आहे. ते विशेषण म्हणजे ‘उभा’. राजकीय पक्षाचे दोन तुकडे वरपासून खालपर्यंत, शाखाशाखांतून पडले की मराठी वृत्तपत्र ‘उभी फूट’ म्हणते. अशाच प्रसंगी इंग्रजी लेखणीला ‘रिव्हन’ आठवतो. ‘उभी फूट’ या दोन शब्दांत वस्तूची अंगभूत रेषाही आहे, टोकापासून टोकापर्यंत जाणारी भेगही आहे, आणि ‘फोडणे’मधला सुताराचा घावही आहे. कास्काचे गाठाळ वृक्ष ‘उभे फुटले’ आणि कॅशियसच्या काळजात ब्रूटसने ‘उभी फूट पाडली’ असे लिहिले, तर दोन अंकांमधला तो पूल मराठीतही शाबूत राहतो. ‘दुभंगणे’ हा दुसरा चांगला उपाय; झाडही दुभंगते, मनही दुभंगते. मात्र त्यात कर्ता लपतो. कॅशियसच्या तक्रारीचा सारा भर तर कर्त्यावरच आहे.

या निष्कर्षाला एक इशारा जोडणे आवश्यक आहे. ‘विदीर्ण’, ‘भग्न’, ‘छिन्न’ या शब्दांचा मोह अनुवादकांना पडतो तो ते सुंदर आहेत म्हणून नव्हे. ते कोणत्याच हत्याराला, कोणत्याच वस्तूला बांधलेले नाहीत, म्हणून ते सुरक्षित वाटतात. असा शब्द योजला की चूक होत नाही आणि काही घडतही नाही. उलट ‘पाचर’, ‘कामटी’, ‘उकलणे’, ‘उसवणे’, ‘तडकणे’ हे शब्द ज्या हातांनी जपले ते बुरूड, वडार, सुतार, शिंपी यांचे हात आहेत. ते व्यवसाय जसजसे मागे पडत आहेत तसतसे ते शब्दही लिहित्या मराठीतून जात आहेत. ‘राइव्ह’ हा शब्द इंग्रजीतून गेला तो याच वाटेने. एका परक्या भाषेतल्या विरळ क्रियापदाचा अर्थ शोधताना आपल्या भाषेतली किती क्रियापदे विरळ होऊ लागली आहेत याचा हिशेब समोर यावा, हा अनुवादाचा एक अनपेक्षित लाभ मानला पाहिजे. तो हिशेब कोशकाराने करावा हे ठीकच. पण शब्द कोशात टिकत नाहीत, वाक्यात टिकतात. आणि ती वाक्ये लिहिण्याचे काम लेखकाचे आणि अनुवादकाचे आहे.